मशीन लावल्यावर बोलायचं नाही

आईला रक्तदाबाचं मशीन मीच घेऊन दिलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. आकडा माझ्या मोबाइलवर येतो, मी तो डॉक्टरांना पाठवते. रिठदहून रिसोडला यायचं जीपचं भाडं, तपासणीची फी, दिवसभराची दगदग, सगळं वाचलं. आईचा माझ्याकडचा दर महिन्याचा मुक्कामही त्यात गेला, हे नंतर लक्षात आलं. लेकीच्या घरी उगाच राहायचं नाही, ही तिची रीत. तपासणी हे निमित्त होतं. मला दुकान सोडून जाता येत नाही, आणि हे गेल्यापासून घरात मी एकटीच.

दिवाळीनंतर आकडे चढू लागले. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर बघू. असंच राहिलं तर त्यांना घेऊन या, गोळी बदलू."

मी लगेच तयारीला लागले. खाटेवर गादी घातली, गोधडी उन्हात टाकली, ज्वारी दळून आणली.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. आईने मोबाइल तांब्याला टेकवला, पट्टा बांधला, बटण दाबलं आणि सुरू झाली. शेजारणीची म्हैस व्याली, सोयाबीनले भाव नाही, नळाले पाणी नाही. पट्ट्यात हवा भरत होती आणि आई बोलत होती.

"आई, मशीन लावल्यावर बोलायचं नाही. आकडा वाढतो."

"मंग कवा बोलू? तुहा फोन आल्यावरच त पट्टा बांधतो मी."

"आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, मग मोजायचं."

"समोर माणूस हाय अन् मुकं बसू? सुतकाच्या घरी बसतेत तसं?"

"बस."

ती बसली. मीही बसले. तिचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. इकडे फक्त फ्रिजचा आवाज.

आकडा चांगला आला. मग रोज तसंच गप्प बसून मोजलं. आठवड्याने डॉक्टरांनी कळवलं, गोळी तीच ठेवा, आणायची गरज नाही.

"म्हंजे मले यायचं काम नाही?" आईने विचारलं.

"नाही. खर्च वाचला."

"बरं झालं व माय." पट्टा सोडत म्हणाली, "आता बोलू का?"

"बोल ना."

पण तिला काही आठवेना. मी फोन टेकवून ठेवला आणि खाटेवरच्या गोधडीची घडी घालत राहिले.