सगळ्यांना घेऊन जाणारी बोट

नोकरी गेल्यापासून आमचे हे पत्ते खेळतात, असं प्यो ग्वांग-सिकची बायको शेजारणींना सांगायची. तसे ते पत्तेच होते, फक्त संगणकावरचे. कोरियातल्या गुमी शहरात टीव्हीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो बावीस वर्षं होता, त्यातली शेवटची नऊ वर्षं सेक्शनचा साहेब म्हणून. आताही सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावरच्या गेमिंग कॅफेत जायचा, दुपारी एक वाटी रामेन नूडल्स खायचा आणि सहाला उठायचा. नोकरी सुटली, हजेरी सुटली नाही.

खेळ साधा होता. एक बोट, दहा पत्ते. पत्ता म्हणजे खलाशी. दर बंदरावर नवे, दमदार खलाशी मिळायचे. पण वादळात एका वेळी पाचच पत्ते हातात येतात, म्हणून शहाणे खेळाडू सुरुवातीचे दुबळे पत्ते बंदरावरच्या भट्टीत जाळून टाकतात. कॅट जितका लहान, तितके कामाचे पत्ते लवकर हाती लागतात. पत्त्यांना नावं देता यायची. एकदा दिलेलं नाव मात्र बदलत नसे; पत्ता जाळला, तरच जायचं.

प्योने नावं दिली ती त्याच्या लाइनीवरच्या माणसांची, आडनावासकट. आठवावी लागली नाहीत. दोन वर्षांपूर्वी कपातीची यादी त्यानेच केली होती, चाळीस जणांची. त्यातली पहिली दहा नावं त्याने त्याच क्रमाने पत्त्यांवर चढवली. यादी वर गेल्यावर वरच्यांनी तिच्यात एकेचाळिसावं नाव घातलं, ते त्याचं. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. पण त्या दहा जणांना एकदा, फक्त एकदा, पलीकडच्या किनाऱ्याला लावलं की आपल्याला नीट झोप लागेल, असं त्याच्या मनाने घेतलं. घरी जाऊन माफी मागायची छाती नसली की माणूस असले उद्योग काढतो.

तो एकही पत्ता जाळायचा नाही. साहजिकच तिसऱ्या बेटाजवळ दर वेळी बुडायचा. बुडाला की खेळाडूंच्या ऑनलाइन मंडळाच्या पानावर सगळं सविस्तर लिहायचा. इम चोल-ग्यूचा पत्ता नेहमी वादळ सरल्यावर हातात यायचा. प्यो लिहायचा, 'आले आमचे चोल-ग्यू, वरातीमागून घोडं.' सगळ्यांत दुबळा पत्ता बे मी-रानचा. तो हटकून पहिल्याच हाताला यायचा. प्यो लिहायचा, 'मी-रान मनगट दुखतंय म्हणते, पण वल्हं सोडत नाही.' पत्ते आपोआप यायचे, गोष्ट आपोआप घडायची. तीन-चारशे लोक रोज वाचायचे.

"कप्तान, जाळा की त्या मी-रानला! तिच्यापायी अख्खी बोट बुडते," कुणीतरी लिहायचं.

"माझ्या बोटीतून कुणी उतरत नाही," प्यो उत्तर द्यायचा. हे वाक्य त्याला फार आवडायचं.

वसंतात मंडळाने एका शनिवारी दुपारी डुकराच्या मांसाच्या खानावळीत सगळ्यांना प्रत्यक्ष भेटायला बोलावलं. प्यो गेला. पोरांनी त्याला मानाच्या जागी बसवलं, दोन्ही हातांनी पेला भरून दिला, "कप्तान, तुमच्यासारखा साहेब आम्हाला का मिळत नाही हो?" म्हणाले. प्योच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी धुराचं नव्हतं.

टोकाला बसलेली एक मुलगी काहीच खात नव्हती. सगळे हसून झाल्यावर ती म्हणाली, "प्यो साहेब, माझं नाव नाम सोल-आ. बे मी-रानची मुलगी."

जाळीवरचं मांस परतायचं राहून गेलं.

"कशी आहे आई?" प्योने विचारलं. दुसरं काय विचारणार?

"बाजारात जायची बंद झालीये. आमच्या गल्लीतल्या बायका तुमचं लिखाण वाचतात. 'काय गं मी-रान, काल पुन्हा बुडालीस?' म्हणून हसतात. तिचं मनगट कशाने गेलं, ते तुम्हाला ठाऊक होतं. तरी पहिलं नाव तिचं घातलंत."

"पोरी, मी तर तिला वाचवायला बघतोय गं... रोज..."

"तुम्ही तिला रोज कामाला लावताय," सोल-आ म्हणाली. "सोडा तिला. नाव काढा तिथून." ती उठली, सगळ्यांना वाकून नमस्कार करून निघून गेली.

सोमवारी नऊला प्यो खुर्चीत बसला. पहिलं बंदर आलं. नाव काढायचं तर भट्टीखेरीज वाट नव्हती. मी-रानचा पत्ता त्याने भट्टीवर नेला, धरून ठेवला आणि सोडला. एवढासा धुराचा भपका झाला, बस्स. त्याला ढसाढसा रडावंसं वाटलं. पण तेवढ्यात पुढचा हात आला आणि हात चांगला आला.

दुसऱ्या बंदरावर त्याला वाटलं, चोल-ग्यू तरी कधी वेळेवर येतो? त्यालाही जाळला. मग दो चिल-बोक, वय झालं होतं. मग एकेकाला कारण सापडत गेलं, आणि कारणं शोधण्यात प्यो पूर्वीपासून तरबेज होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. जेवायच्या सुट्टीपर्यंत दहाही नावं संपली होती. तिसरं बेट कधी मागे पडलं ते त्याला कळलंही नाही. दुपारी तीनला बोट पलीकडच्या किनाऱ्याला लागली. पडद्यावर फटाके फुटले. शेजारच्या खुर्चीतला पोरगा "वा, काका!" म्हणाला, आणि प्यो चक्क हसला. खुशीत हसला. मग त्याला स्वतःची शिसारी आली, पण आधी तो हसला होता.

मंडळाच्या पानावर लोक वाट बघत होते. 'कप्तान जिंकले! पण मी-रान कुठाय? बाकीचे कुठायत?'

प्योने शर्टाची बाही सारखी केली आणि लिहिलं, 'दहाही जण वाटेतल्या बंदरांवर स्वेच्छेने उतरले. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

एकही अक्षर खोडावं लागलं नाही. हाताला सवय होती.