आदमचं वय आणि दहिवडीचा लाल थर

तीन वर्षं मी सांगलीला जायचं टाळत होतो. युसूफ आणि मी तिथल्या कॉलेजात एका बाकावरचे. पुढे मी पुण्यात भूगर्भशास्त्र शिकवायला लागलो आणि त्यानं कुपवाडला पितळी दिवे-समयांचं छोटं वर्कशॉप टाकलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या लग्नात जेवताना त्यानं मला विचारलं, "मास्तर, अल्लानं आदमला घडवलं तवा तो चांगला बाप्या होता, बाळ न्हवता. मग त्या दिवशी त्याचं वय किती म्हणायचं? आन् तुमचे डोंगरबी तसेच, पयल्या दिवसापास्नं जुने घडवले असतील तर?"

मी हसलो. वर म्हणालो, "म्हणजे देव जन्माचे खोटे दाखले देतो म्हण की!" आजूबाजूचे पाहुणेही हसले. युसूफ ताटाकडे बघत राहिला. त्यानंतर ना त्याचा फोन आला, ना मी केला.

या जानेवारीत अचानक त्याचा निरोप आला: "औंधचं संग्रहालय बघायचं हाय. गाडी तुझी, जेवण माझं." मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

पुण्याहून सकाळी सातला निघालात, तर कराडला निवांत नाश्ता करूनही दुपारच्या आत कुपवाडला पोचता. हायवे सोडून पेठ नाक्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना ऊस. सध्या तोडणी चालू आहे, त्यामुळे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे रांगायची तयारी ठेवा. ओव्हरटेकची घाई नको.

वर्कशॉपमध्ये भट्टी बंद होती. फळीवर वीसेक समया होत्या, काळवंडलेल्या, कडा झिजलेल्या, एकीला तर पोचाही. मी एक उचलून म्हणालो, "केवढ्या जुन्या आहेत रे!"

"दिवाळीतल्या हायत," युसूफ म्हणाला.

हॉटेलं आणि बंगले सजवणाऱ्यांना जुन्या वाटणाऱ्या वस्तू लागतात, म्हणून तो हे काम करायचा. आम्ल लावायचं, धूर द्यायचा, हातोडीनं पोचे पाडायचे. बुडाला मात्र आपला शिक्का आणि साल न चुकता उमटवायचा. मग एकदा एका गिऱ्हाइकाच्या घरी त्याला स्वतःचीच समई दिसली. बुडाचा शिक्का घासून काढलेला. घरधनी कौतुकानं सांगत होता, दोनशे वर्षांपूर्वीची आहे. मधल्या व्यापाऱ्यानं तसं सांगूनच विकली होती.

"मग तू काय केलंस?"

"खरं सांगितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. व्यापारी तुटला, काम बंद केलं." तो समई पुसत राहिला. "पन तवापास्नं तुझं ते खोट्या दाखल्यांचं बोलनं डोक्यातनं जाईना. म्हनून बोलावलं."

दुसऱ्या दिवशी तासगाव, विटा, पुसेसावळी करत सातारा जिल्ह्यातलं औंध गाठलं. रस्ता बराचसा चांगला, मधे मधे काम चालू. विट्यात चहा पिऊन घ्या, पुढे बऱ्यापैकी टपरी लवकर मिळत नाही. औंधला यमाईच्या डोंगरावर गाडी जाते, पण पायऱ्यांनी चढलात तर खालचं गाव हळूहळू उलगडत जातं. देवीचं दर्शन मी घेतलं, युसूफ कट्ट्यावर वारा खात बसला. मग संग्रहालयात एका पितळी दिव्यासमोर तो इतका वेळ वाकून उभा राहिला, की पहारेकरी जवळ आला.

"आवं, हात लावू नका."

"न्हाई लावत. बघतोय फकस्त." मग मला हळूच म्हणाला, "हे बघ, रोज जिथं अंगठा लागलाय तिथंच झिजलाय. माझ्या समया सगळीकडं सारख्या झिजत्यात."

जेवण गावातल्या एका खानावळीत. भाकरी, आख्खा मसूर, ठेचा. पैसे ठरल्याप्रमाणे त्यानं दिले.

युसूफला म्हसवडहून घोंगडं घ्यायचं होतं. वडूज सोडून दहिवडीकडे निघालं, की मुलूख उघडा होत जातो. दहिवडीच्या अलीकडे रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीपाशी मी गाडी थांबवली. खाली काळा कातळ, वर काळा कातळ आणि मधे हातभर जाडीचा विटकरी लाल थर.

"खालचा लाव्हा थंड झाला," मी सांगितलं. "त्याची वरची कातडी हजारो वर्षं ऊनपावसानं झिजून माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली."

युसूफनं लाल भुकटी चिमटीत घेतली. "हेबी एका दिवसात घडवता येतंय की त्याला."

या वेळी मी हसलो नाही. बराच विचार करून म्हणालो, "येत असेल. आदमला मोठा माणूस म्हणून घडवलं, हेही मानून चालू. चालायला पाय लागतात, बोलायला दात लागतात. पण त्याच्या गुडघ्यावर लहानपणी पडल्याचा व्रण असता तर? तो तर कधी लहान नव्हताच. हा थर मला तसा व्रण वाटतो. कधीतरी इथे काहीतरी घडलं, असं तो सांगतो."

तो कातळाला टेकून उभा राहिला. एक ट्रक गेला, धूळ बसली.

"समईवर पोचा पाडताना माझा हात अडखळायचा," तो शेवटी म्हणाला. "काळी करताना काय वाटायचं न्हाई. पन कवा न पडलेल्या समईला पडल्याची खूण करायची, हे लय जड जायचं. माझ्यासारख्या मानसाला जे जड जातंय ते अल्ला करंल, असं न्हाई वाटत मला. हितं खरंच काय तरी झालंय, मास्तर." मग बोटांवरची भुकटी चोळत म्हणाला, "पन त्यानं ठरवलंच असतं, तर तुला कळलंबी नसतं."

"नसतं कळलं," मी कबूल केलं. "युसूफ, मी त्या दिवशी हसायला नको होतं."

"हसलास त्याचं काय न्हाई रं. पोरीच्या सासरच्यांम्होरं हसलास."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा शर्टावर लाल बोटं उमटली.

म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळाबाहेर चहा घेतला. शेजारच्या दुकानातून युसूफनं एक घोंगडं निवडलं, लोकर उलटसुलट करून, दुकानदाराला भंडावून सोडत. विट्याची एसटी लागली होती, तिथून त्याला सांगलीची मिळणार होती. खिडकीतून त्यानं हात केला आणि मी फलटणमार्गे पुण्याला लागलो. हा रस्ता दिवसाउजेडी उरकावा, वळणांवर गुरं असतात.

घरी येऊन आठवडा झालाय. जग जुनं दिसेल असं घडवलं गेलं असेल का, याला पुराव्यानं "नाही" म्हणता येत नाही, हे शिकवतानाही मला ठाऊक होतं. तरी मी वर्षानुवर्षं वर्गात तो प्रश्न एका विनोदात उडवून पुढच्या धड्याकडे वळत आलो. विचारणारी मुलं मग गप्प बसायची. त्यांतल्या दोघातिघांचे चेहरे आता मला स्पष्ट आठवतात, नावं मात्र आठवत नाहीत.

काल युसूफचा फोन आला. जन्नतमधल्या झाडांच्या बुंध्यात वर्षांची वलयं असतील का, यावर आम्ही पाऊण तास भांडलो.