बकऱ्यांना काही झालं नाही

रक्त न्यायला ती मुलगी आली, ती आमच्या बकऱ्यांसाठी. गाय तोवर मरून गेली होती आणि गायीवरून आमच्या घरात जे व्हायचं तेही होऊन गेलं होतं.

डिचोलीच्या ढोरांच्या दवाखान्यातला शिपाई तिला घेऊन आला. मुलगी घाटावरची, कोल्हापूरकडची. जनावरांच्या रक्तावर काही अभ्यास करत होती. पाठीला बॅग आणि हातात थर्मोकोलचा डबा, आत बर्फ. मी विचारलं, मासे विकायला आलीस काय? ती हसली.

शिपाई म्हणाला, "मावशे, ही रगत व्हरूक इल्या."

"कोणाचां?"

"बकऱ्यांचां. तुझां नको, तुझां कडू आसतलां."

आमची सगळ्यात थोरली बकरी कोणाला अंगाला हात लावू देत नसे. शिपायाने तिला दोन्ही पायांत धरली, तर तिने त्याच्या पँटीवर लेंड्या टाकल्या. "ही बकरी न्हय, भाटकारीण आसा," तो म्हणाला, म्हणजे जमीनदारीण. मुलीने तोवर मानेची शीर शोधून सुई घातलीसुद्धा. हात चांगला होता. नळीत काळपट लाल रक्त चढलं आणि तिने ती नळी हळूच उलटी-सुलटी केली, बाळाला खेळवतात तशी.

मग ती एकेक विचारू लागली. बकरीचं वय काय, कधी आजारी पडली होती का, खायला काय घालता. मी सांगितलं, फणसाचा पाला, कोंडा, पेज, भाजीची सालं, आणि कांदे.

"कांदे?"

"माझं माहेर पेडण्याचं. भाचा तिथे कांदा लावतो. मोडलेला, कुजायला आलेला, विकायच्या लायकीचा नसलेला माल तो पोत्यात भरून पाठवतो. बकऱ्या आवडीने खातात. वर्षानुवर्षं खातात."

तिने हातातली नळी डब्यात ठेवली. "आजी, तुमच्याकडे गाय होती का?"

"होती."

"तिलाही कांदे घालायचा?"

"आधी नाही. शेवटच्या वर्षी माल फार आला. बकऱ्यांना संपेना, म्हणून माझ्या नवऱ्याने तो गायीच्या पुढ्यात ओतला. तीही खायला लागली."

"मग गाय कशाने गेली?"

मी सांगितलं, लाल मुतायला लागली. आधी लाल, मग कोऱ्या कॉफीसारखं काळं. दात बघायला ओठ उचलला तर हिरड्या पांढऱ्याफटक. उभी राहीना. मुलगी ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. शिपाई जमिनीकडे बघायला लागला. त्याला आमच्या घरची गोष्ट ठाऊक होती. ती सगळ्या गावाला ठाऊक होती.

"आजी," ती म्हणाली, "गायीला कांदा चालत नाही. कांद्याने तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मग ते रक्तच लघवीतून जातं."

मी म्हटलं, परत सांग. तिने परत सांगितलं.

आता गायीचं सांगते. माझा नवरा खाणीवर मालाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, आणि त्याने गाय घेतली. ढोरांचं त्याला काही कळत नव्हतं. गोठ्यातून गायीला मागे घ्यायची झाली की तो तिच्या पाठीवर थाप मारून ओरडायचा, "येऊं दी, येऊं दी, बस्स!" क्लीनर ट्रकला ओरडतो तसा. लोक हसायचे. गाय मात्र ऐकायची. बोलायला माणूस लागतो तसा त्याला काहीतरी चालवायला लागायचं, आणि ते आता गाय होती.

आमच्या परड्याला लागून माझ्या धाकट्या दिराचं कुळागर, पोफळी-केळींची बाग. मी लग्न होऊन आले तेव्हा तो मराठी शाळेत जात होता. त्याला मी न्हाऊ घातलेलं आहे. दिराचं नाव घेत नाहीत म्हणून मी त्याला बाबू म्हणते, अजूनही. दोन्ही जागांच्या मधे चिऱ्यांचा गडगा आहे, तो एका जागी ढासळलेला. गाय तिथून पलीकडे जायची. त्या साली दिराने नव्या केळी लावल्या होत्या, त्यांचे कोंभ तिने खाल्ले. दीर गडग्यावर उभा राहून ओरडला, "परत इली तर जिती जावची नाय!"

असं कोण ओरडत नाही? मीसुद्धा कोंबड्यांना रोज म्हणते. पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी गाय लाल मुतली. ढोरांचा डॉक्टर रजेवर होता. दुसरा यायच्या आत ती मेली. काय खाल्लं होतं, ते विचारायला कोणी आलंच नाही.

नवऱ्याने देवळात जाऊन देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावला. भावाने विष घातलं का, म्हणून विचारलं. उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे होय. पाकळी सुकली की पडतेच, हे मी त्याला घरी आल्यावर म्हटलं. त्याने ताट भिरकावलं.

त्यानंतर तो भावाशी बोलला नाही. आमच्यात चवथीचा गणपती दोघा भावांचा मिळून एकच, मूळ घरात. ते घर आमच्याकडे. चवथ जवळ आली तसा दीर गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान घेऊन दारात आला, दरवर्षी यायचा तसा. सुपाऱ्यांचे घोस, सुटे बेडे, कवंडळाची फळं, सगळं त्याच्या कुळागरातलं. नवऱ्याने त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. "तुझो गणपती तू वेगळो हाड," म्हणाला. दिराने सगळं तिथेच पायरीवर ठेवलं आणि गेला. ज्यांना गोवा माहीत नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडे गणपती वेगळा झाला म्हणजे भाऊ संपला.

ती मुलगी आली तेव्हा नवरा अंथरुणाला खिळला होता. हृदयाचं दुखणं. पाय सुजून खांबासारखे झाले होते. मोठ्या इस्पितळातून सांगून पाठवलं होतं की आता घरीच ठेवा. सोप्यावर खाट होती, तिथून गडगा दिसायचा आणि गडग्यापलीकडे भाऊ पोफळींना पाणी लावताना दिसायचा. दोघांत एक हाक पोचेल एवढंच अंतर.

मी त्याच दिवशी त्याला सांगितलं. अशी गोष्ट पोटात ठेवायची माझी जात नाही. शिवाय दिवस फार नव्हते. भाऊ भावाशी बोलायचा असेल तर आताच.

"आयकतात? बाबून काय करूक नाय. गाय कांद्यान मेली."

"कोणी सांगलां?"

"रगत व्हरूक इल्ली त्या चेडवान."

त्याने वर वाशांकडे बघितलं. मग म्हणाला, "बकऱ्यो तोच कांदो खातत. त्यो कशाक मराक नाय?"

मी म्हटलं, ती मुलगी आणखी रक्त न्यायला येणार आहे, तिलाच विचारा.

"हाड तिका," तो म्हणाला.

ती आली. बकऱ्यांचं झाल्यावर मी तिला चहा आणि उंडो पाव दिला आणि खाटेजवळ बसवलं. तिने त्याला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. मला जे कळलं ते असं. रक्तातली तांबडी पेशी म्हणजे ओझं वाहणारा हमाल. कांद्यातल्या एका द्रव्याने ती आतून गंजते. गंज काढायला प्रत्येक पेशीत एक रस असतो, त्याला विकर म्हणतात. ते काही जनावरांत जोरात काम करतं, काहींत हळू. कुत्र्याचं वेगळं, गायीचं वेगळं, बकरीचं वेगळं. माणसांतसुद्धा काहींच्या रक्तात ते कमी असतं आणि त्यांना मलेरियाचं एक औषध चालत नाही, त्यांनाही गायीसारखं लाल होतं. ही मुलगी सगळ्यांचं रक्त आणून ते कोणात किती चालतं, ते मोजत होती.

नवरा नीट ऐकत होता. ट्रकच्या इंजिनाबद्दल कोणी बोललं की ऐकायचा, तसा. मग त्याने विचारलं, "म्हणजे बकरीत तां जास्त आसा?"

मुलीने कप खाली ठेवला.

"नाही, आजोबा. तीच गंमत आहे. मोजलं तर बकरीत ते कमीच भरतं. तरी तिला कांदा बाधत नाही. कदाचित तिच्या पोटातच त्या द्रव्याची वाट लागत असेल. अजून पक्कं कळलेलं नाही. तेच तर आम्ही शोधतोय."

"कळूक नाय?"

"पूर्ण नाही."

नवऱ्याने माझ्याकडे मान वळवली. त्याच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी तरतरी दिसली. "बघलंस? शिकल्यासवरल्याक पण ठावक नाय. म्हणता कांद्यान मेली."

"आजोबा, गायीचं नक्की आहे," मुलगी घाईने म्हणाली. "गायीबद्दल शंकाच नाही. शंका बकरीची आहे."

पण त्याने डोळे मिटले होते. त्याला हवं होतं ते मिळालं होतं.

अंगणात आल्यावर तिने मला विचारलं, "आजी, माझं सांगणं चुकलं का?"

"नाही. तू बरोबर सांगितलंस. त्याला नको होतं."

मी मग विचार केला तो एवढाच. भावाने विष घातलं नसेल, तर गाय त्याने स्वतः मारली. तेही सोसलं असतं एक वेळ, माणसाच्या हातून ढोर मरतं. पण मग भावाला उंबऱ्यावरून परत पाठवलं ते कशासाठी? गणपती वेगळा केला तो कशासाठी? ज्याला स्वतःच्या बळावर कुशीवर वळता येत नव्हतं, त्याने हे सगळं उचलायचं कसं? मला राग आला होता तरी हे मला दिसत होतं. मी पुन्हा दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी त्याने पेज घ्यायची बंद केली, तेव्हा मी सोडून दिलं.

दुखणं वाढलं तसं गावातले लोक येऊन बघून जाऊ लागले. एका संध्याकाळी अंगणात कोणी खोकलं. बिडी ओढणाऱ्याचा खोकला, ओळखीचा. मी बाहेर गेले तर दीर तुळशीजवळ उभा.

"वयनी, दादा कसो आसा?"

"बरो नाय. भितर ये."

"बोलयल्यान?"

मी म्हटलं, त्याने बोलावलेलं नाही. तो तिथेच उभा राहिला. परत एकदा खोकला, मोठ्याने. आतून नवऱ्याने विचारलं, "कोण खोकता?"

"तुमचो भाऊ."

आम्ही दोघं अंगणात वाट बघत होतो. चुलीवरची पेज उतू गेल्याचा वास आला तरी मी हलले नाही. मग आतून आवाज आला, "जाऊं दी तेका."

दिराने ते ऐकलं. मला काही सांगायची गरज पडली नाही.

नवरा त्याच आठवड्यात गेला. आमचा मुलगा पणजीहून आला, अग्नी त्याने दिला. तिरडीला पुढचा खांदा दिराने दिला. सुतक त्यालाही होतंच, त्यात रागाचा प्रश्न येत नाही. त्याने सगळं केलं, लाकडं फोडली, भटजीला आणलं, बाराव्याची पानं वाढली. लोक गेल्यावर तो पडवीत बसला होता, तेव्हा मी त्याला कांद्याचं सगळं सांगितलं. त्या मुलीचं, बकऱ्यांचं, सगळं.

त्याने विचारलं, "ह्यां दादाक कळलां होतां?"

"मी सांगलंय. चेडवानय सांगल्यान."

"मगे? काय म्हणालो?"

तो माझ्याकडे बघत होता. पन्नाशी कधीच उलटलेला माणूस, पण तेव्हा शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसला.

"तेका पटूक नाय," मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "वयनी, खोटां सांगलां असतां तरी चाललां असतां."

"माका जमणा नाय."

"होय," म्हणाला आणि उठून गेला.

आता तो येत नाही. वाटेत भेटला तर "बरी मां?" विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. त्याची बायको मात्र येते. ती सांगते, जेवता जेवता मधेच त्याचा हात थांबतो आणि तो म्हणतो, "एक हाक मारूक होयी होती." कोणी कोणाला, ते ती विचारत नाही. मीही विचारलं नाही.