थोरल्या काकांचा पायलट

धाकटा भाऊ लढाईत हरवल्याचं आमच्या थोरल्या काकांना दुःख होतं की नाही, देव जाणे. मिरवायला पायलट भाऊ मिळाला, याचा आनंद मात्र लपत नसे. कलकत्त्याच्या मराठी मंडळात बदली होऊन आलेला कुणी नवा बँकवाला दिसला, की काकांनी त्याला गाठलाच. "आमचा धाकटा महायुद्धात बॉम्बर चालवायचा हो! ब्रह्मदेशावर गेला तो परतलाच नाही." ऐकणारा हळहळायचा आणि काकांची छाती फुगायची.

धाकट्या काकांची बायको, आमची काकू, आमच्यातच राहायची. आधी 'बेपत्ता' अशी तार आली होती, मग 'मृत समजावे' असं कळवलं गेलं. "समजावे म्हणजे काय? पडताना कुणी पाहिलंय का? पाहिलेला माणूस आणा, मग कुंकू पुसते," एवढंच तिचं म्हणणं. हळदीकुंकवाला मंडळातल्या बायका तिच्यापाशी आल्या, की करंडा हातात धरून एकमेकींकडे बघत बसायच्या. नाकानं कांदे सोलणाऱ्या मेल्या! काकू मान खाली घालून उभी राहायची.

काका शोध घेत नव्हते असं नाही. कोट चढवून कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे, जुन्या वैमानिकांना गाठायचे. उत्तर ठरलेलं: या नावाचा पायलट आमच्याकडे नव्हता. मग घरी येऊन सरकारच्या नावानं बोटं मोडायची आणि चहा मागायचा. अशी वीस-पंचवीस वर्षं गेली.

मी कॉलेजात शिकवायला लागले त्या सुमाराला कळलं, की ब्रह्मदेशच्या आघाडीवर बॉम्बर उडवलेला एक निवृत्त अधिकारी एस्प्लनेडजवळ एका कंपनीत नोकरीला आहे. या खेपेला काकू हट्टानं बरोबर आली. मीही गेले.

"मराठी पायलट? आमच्यात नव्हता," तो म्हणाला. काका लगेच उठले. "बघितलंत? यांना काही ठाऊक नसतं!"

काकू उठली नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं त्या अधिकाऱ्याला सांगितलं, "ते चालवायचे नाहीत. मागे तोंड करून बंदुकीवर बसायचे. उंच होते, डावखुरे."

तो गृहस्थ ताडकन सरळ बसला. "तो डावरा गनर! अहो, आम्हाला एकमेकांची आडनावं कुठे माहीत होती!" मग आवाज उतरला. "त्यांचं विमान माझ्या शेजारीच होतं. पेटलं आणि अराकानच्या किनाऱ्याजवळ समुद्रात गेलं. मी वरून घिरट्या घालत राहिलो. पायलट आणि तो, दोघांपैकी कुणीच वर आलं नाही."

काकू पदरात तोंड घालून रडली. तो बिचारा पाण्याचा पेला धरून उभा.

माझं डोकं फिरलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जिन्यातच काकांना विचारलं, "इतकी वर्षं सगळीकडे पायलट म्हणूनच विचारत होता?"

"मग काय गनर म्हणून विचारू? आपल्या घरातला माणूस, आणि मागे बंदुकीवर? लोक काय म्हणतील!"

डोंबलाचे लोक! काका लोकांपुढे बढाया मारतात, पण कचेरीत तरी खरं सांगत असतील, अशी काकूची भाबडी समजूत. आणि तिला विचारावं, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

ट्राममध्ये बसल्यावर काका तिच्याकडे वाकून म्हणाले, "हे बघ, झालं ते झालं. पण मंडळात मात्र पायलटच म्हणायचं बरं का."

काकूनं डोळे पुसले. भरल्या ट्राममध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊजी, माझा नवरा मला सापडला. तुमचा पायलट तुम्ही शोधत बसा."