विनितानं पाठवलेलं घड्याळ

लतिका सामंत बँकेतून निवृत्त झाल्या आणि वर्षभरात त्यांचे यजमान गेले. विरारच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या उरल्या. मधुमेह जुना, आता इन्सुलिनवर आलेला. झोपेत साखर उतरली तर कुणाला कळणार, ही धास्ती त्यांनी फक्त अमेरिकेतल्या मुलीला, विनिताला बोलून दाखवली होती.

२००३ साली विनितानं कुणा ओळखीच्यांबरोबर एक घड्याळ पाठवलं. मनगटावर बांधलं की ते कातडीवरूनच साखर मोजायचं, फार उतरली तर वाजायचं. लावताना जुळवणीसाठी एकदा बोट टोचावं लागे, पुढे सुई नाही. आतली चकती मात्र कातडीला मुंग्या आणायची आणि काढल्यावर लालभडक चट्टा उरायचा.

“चालतंय ना गं आई?” विनितानं फोनवर विचारलं.

“छान चालतंय,” चट्ट्यावर खोबरेल चोळत लतिकाबाई म्हणाल्या.

“सुटले बाई! मग डिसेंबरात येत नाही. ऑफिसात फार काम आहे, आणि आता तुझी काळजी नाही.”

लतिकाबाईंनी खोबरेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.

नोव्हेंबरात त्या आगाशीच्या बाजारात गेल्या. इन्सुलिन घेतलं होतं, पण एकटीसाठी काय रांधायचं म्हणून चहा-बिस्किटांवर भागवलं होतं. बसथांब्याजवळ हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला. घाम आला की घड्याळाचं मोजणं बंद पडायचं. ते गप्पच राहिलं. सुकेळी विकणाऱ्या क्लेमेंटीनच्या टोपलीपाशी त्या मटकन बसल्या.

“साखर उतरलीय... एक सुकेळं द्या.”

क्लेमेंटीननं वाळक्या केळ्याचा तुकडा त्यांच्या तोंडाशी धरला. “खा बाय, हलू खा. कोन हाय संगती?”

“कुणी नाही.”

“न् घरी?”

लतिकाबाईंनी नकारार्थी मान हलवली. बस येईपर्यंत क्लेमेंटीननं त्यांचा हात सोडला नाही. कितीतरी दिवसांनी कुणी हात धरला होता. भर बाजारात त्यांना रडू फुटलं.

रविवारी फोनवर त्यांनी सगळं सांगितलं. “घड्याळ नको मला. तू ये ना, चार दिवस तरी.”

“बघते आई. रजा मिळाली तर.”

विनिता आली नाही. घड्याळाच्या नव्या चकत्यांचं पार्सल आलं. लतिकाबाई पुन्हा बोटं टोचू लागल्या, वेळेवर जेवू लागल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी त्या आगाशीला गेल्या. क्लेमेंटीनची जागा रिकामी होती. “सणाची घरीच असंल, वटार गावात,” शेजारची भाजीवाली म्हणाली. थोडा वेळ तिथंच उभं राहून लतिकाबाई विरारच्या बसकडे वळल्या.