बशीरचा पिक्चर मी निम्माच बघितला होता

२०२४ साली, माझ्या वयाच्या शहात्तराव्या वर्षी, बशीर गेला. माझ्या दारापासून तिसरं घर त्याचं. तरी बातमी मला दूधवाल्याकडून कळली, कारण आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. बंद मीच केलं होतं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण हे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

बशीर रहिमतपूरचा, मी माणातला. म्हातारपणी दोघंही सांगलीच्या कडेला, उसाची रानं मोडून झालेल्या कॉलनीत येऊन पडलो. मी पोरानं बांधलेल्या घरात एकटाच. बशीरनं जन्मभर लग्नाचं व्हिडिओ शूटिंग केलं. दुसऱ्यांच्या वराती लय काढल्या, आता आपला एक पिक्चर काढायचा, असं त्यानं मनात घेतलं. विषय काय, तर आमची कॉलनीच. दुकान बुडालेला, बढती हुकलेला, पोरं लांब गेलेला... सगळे आपापल्या फाटकात बसलेले. मारामारी नाही, गाणं नाही. "हसायचा पिक्चर हाय," म्हणायचा. मी म्हणायचो, "ह्यात हसण्यासारखं काय हाय रं?"

खरी अडचण निराळीच होती. बशीरचा कॅमेरा वळला की लोकांना लग्नच आठवायचं. टोपी नीट करायची, हात मांडीवर ठेवायचे आणि फोटोसारखं गप बसायचं. मीही तसाच. शेवटी वैतागून तो म्हणाला, "जाऊ दे गड्या, केला बंद." मग मी मोकळा बोललो. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात खुर्ची टाकतो, पोरगं पुण्यासनं येतो म्हणतं, दुपारी खुर्ची आत घेतो... एवढंच. कॅमेरा चालूच होता.

कॉलनीच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवला तेव्हा माझ्या त्या बोलण्यावर लोक हसले. मी उठलो. बशीर दारापर्यंत मागं आला. "आरं, शेवट तरी बघून जा की."

"तुझा शेवट तुझ्यापाशी ठेव," म्हणालो. हे त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं. नंतर त्यानं दोनदा निरोप धाडला. तो आजारी पडला तरी मी गेलो नाही. जनाज्याला खांदा दिला आणि पाणीसुद्धा न घेता परत आलो.

चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला त्याच्या बायकोनं, भाभीनं, बोलावणं धाडलं. जेवणं उरकल्यावर त्यांनी टीव्ही लावला. "भाऊ, तुमी निम्मा बघून उठलासा. उरलेला बघा, मग बसा रागावून."

बघितला. मी खुर्ची आत नेतो, आणि तिथनं पुढं बशीर स्वतः दिसतो. आपल्या फाटकात, इस्त्रीच्या शर्टात. जन्मभर दुसऱ्यांना "जरा मोकळं बसा" सांगणारा माणूस टोपी नीट करून, हात मांडीवर ठेवून खांबासारखा बसला होता. बराच वेळ... मग म्हणाला, "आमची पोरगी सलमा येणार हाय दुबईसनं. दर ईदला म्हणतीया. ही पाचवी." आणि परत टोपी नीट केली. मला हसू फुटलं. आवरेना.

भाभी म्हणाल्या, "त्या दिवशी पण लोक हितंच लय हसले. तुमच्यावर एवढं न्हाई. ह्यांची नजर तवा दाराकडं हुती, तुमी परत येताय का म्हणून."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, खुर्ची उचलली आणि तिसऱ्या घराच्या फाटकात नेऊन टाकली. भाभी बाहेर आल्या. "कुणाची वाट बघताय, भाऊ?"

"कुणाची न्हाई. च्या टाका," म्हणालो, आणि बसलो.