पापणीएवढा उशीर

आमच्या यांचं नाव गोविंदराव. जिंतूरच्या एका शाळेत बत्तीस वर्षं क्लार्क होते, पण गावात सगळे त्यांना पायपेटीवाले म्हणूनच ओळखायचे. आमच्या दत्ताच्या देवळात जुनी पायपेटी आहे. खाली पायांनी भाता हलवायचा आणि वर दोन्ही हातांनी वाजवायचं. उंदरांनी भात्याचं कातडं कुरतडलं तेव्हा यांनीच परभणीहून कातडं आणून चिकटवलं होतं. बन्सीधरबुवांच्या कीर्तनाला एकोणतीस वर्षं यांचीच साथ.

बुवांच्या पुढं जायचं नाही, हा यांचा नेम. गाणाऱ्याचा शब्द आधी, आपला सूर मागून. बुवा एखादी ओळ विसरले तर हे सूर धरून बसायचे, आणि लोकांना वाटायचं बुवा मुद्दामच थांबलेत. स्वतःचं काही चुकलं तर मात्र सबब सांगायची नाही. सर्दी होती, पेटी बिघडली होती, असलं साथीदारानं बोलायचं नसतं. हे त्यांना कुणी शिकवलं होतं ठाऊक नाही, पण देवाच्या नेमासारखं पाळायचे.

मग माझ्या डोक्याचं ऑपरेशन झालं. घरी आले ती आवाज सोसेनासा होऊनच. कुकरची शिट्टी झाली की डोक्यात सळई घातल्यासारखं व्हायचं. तोलही जायचा, म्हणून मला एकटीला सोडता येत नव्हतं. यांचं देवळात जाऊन वाजवणं बंद झालं. माझ्या पलंगाजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि पलंगाच्या कडेवर यांची बोटं चालायची. मी डोळे मिटून पडलेली असले तरी मला ती हालचाल कळायची.

आमचा मुलगा सारंग पुण्याला असतो. त्यानं श्रावणात डिजिटल ऑर्गन आणून दिला.

"बाबा, याला भाता नाही. वायर लावली की सुरू."

"मग पायांनी काय करू?"

"पाय आराम करतील."

"चाळीस वर्षांची सवय आहे रे त्यांना. आता रिकामे बसले तर भलतीकडंच चालायला लागतील," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी घरात हसणं झालं.

पण वाजवायचं कसं? माझं डोकं होतंच. सारंग म्हणाला, हेडफोन लावा, बाबांना ऐकू जाईल आणि आईला त्रास नाही. तो गेल्यावर यांनी मोबाइलचा हेडफोन लावून बघितला, तर त्याची पिन ऑर्गनच्या भोकात नुसतीच हलायला लागली. तेव्हा लाउडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या सिद्धोधनला बोलावलं.

"काका, ही पिन बारीक हाय न् भोक मोठं. जाड पिन लावाव लागंल. आन् हे कानात खुपसायचं काय कामाचं न्हाई. कानावर गादी बसंल असा घ्या."

"गादीचा घेतला तर हिनं हाक मारलेली ऐकू येईल का?"

"मग एक कान उघडा ठेवा की. एका कानात सूर, एका कानात काकू!"

तसंच ठरलं. जाड पिन आली, गादीचा हेडफोन आला, डावा कान झाकलेला आणि उजवा माझ्याकडं. पण ऑर्गन होता खिडकीखाली आणि यांची खुर्ची माझ्या पलंगाकडं सरकवलेली, म्हणून वायर ताणून आडवी यायची. दुसऱ्याच दिवशी बाथरूमला जाताना माझा पाय तिच्यात अडकला आणि मी पडले. गुडघा सुजला. हे इतके घाबरले की ऑर्गन परतच पाठवतो म्हणाले.

मीच म्हटलं, परत कशाला, बिनवायरचा मिळतो ना? मीच सिद्धोधनला फोन केला. ऑर्गनला जोडायची एक छोटी डबी आणि बिनवायरचा हेडफोन, असं त्यानं आणून दिलं. डबी आवाज पाठवते आणि कानावरचा हेडफोन तो घेतो. खोलीत वायर उरली नाही. मला केवढी हुशारी वाटली होती स्वतःची.

आठवड्याभरात हे म्हणायला लागले, "हात जड झालेत गं. बोट पट्टीवर जातं, पण सूर मागून येतो."

पायपेटीला असं होतं. भाता कमी पडला की सूर उशिरा निघतो, आणि तो दोष वाजवणाऱ्याचा. यांची सगळी हयात त्या भात्यावर गेलेली. सूर उशिरा आला तर आपलंच काहीतरी कमी पडलं, एवढंच त्यांना ठाऊक. या ऑर्गनला तर भाताच नाही, मग दोष द्यायला बोटंच उरली.

मी रोज यांची बोटं तिळाच्या तेलानं चोळून द्यायची. गरम पाण्यात मीठ घालून द्यायची. परभणीच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी वय झालं म्हणून सांगितलं. दत्ताला म्हटलं, माझं राहू दे, यांच्या हातांचं बघ. मग यांनी स्वतःच तोड काढली. सूर हवा त्याच्या जरा आधीच पट्टी दाबायची. तीन-चार महिन्यांत ते बोटांच्या अंगवळणी पडलं. "जमायलंय आता," म्हणाले तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली.

दत्तजयंती आली. मला बरंच बरं होतं. मीच यांना म्हटलं, जा, बुवा वाट बघत असतील. मीही गेले, कानात कापूस घालून बाहेर पायरीवर बसले. आत अनसूयेचं आख्यान चाललं होतं. दारातून मला यांची पाठ आणि बुवांची पगडी दिसत होती. कापसामुळं ऐकू काहीच येत नव्हतं. पण एका जागी बुवा हात वर करून थांबले आणि सावकाश वळून यांच्याकडं बघितलं. बस, एवढंच. मग कीर्तन पुढं चाललं.

घरी येताना हे म्हणाले, "अनसूया तोंड उघडायच्या आधी माझा सूर गेला. दोनदा गेला. बुवांनी वळून बघितलं." आणि थोड्या वेळानं, "एकोणतीस वर्षांत बघितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ऑर्गनवर चादर पडली. देवळात निरोप गेला, पेटीला दुसरा माणूस बघा. चारठाण्याचा एक जण यायला लागला. मी काही म्हटलं की यांचं एकच, "हात गेले, आता नको."

चैत्र संपत आला होता. हे माझी औषधं आणायला गेले होते. मी धूळ झटकायला चादर काढली, आणि का कोण जाणे, खुर्चीवर बसले. हेडफोन डोक्याला लावला. आवाज अगदी बारीक केला आणि भीतभीत एक पट्टी दाबली. बोट खाली गेलं, आणि सूर मागून आला. पापणी लवायला लागते तेवढाच उशीर. मी परत दाबली. दहा वेळा दाबली. मला सारेगमसुद्धा येत नाही. माझे हात म्हातारे असतील, पण दहाही वेळा तेवढाच उशीर कसा?

सारंगला फोन लावला. तो म्हणाला, "हो आई, बिनवायरच्यात थोडा उशीर असतो. गाणी ऐकायला चालतं, वाजवायला नाही चालत. बाबांनी मला कधी सांगितलंच नाही."

हे आले तसं मी सगळं सांगितलं. हे खुर्चीत बसले, दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले.

"म्हणजे हात बरे होते."

"बरेच होते. इथं आधी दाबायची सवय लागली, तीच देवळातल्या पेटीवर नडली. चूक माझी. मीच वायर नको म्हटलं."

"तू पडली होतीस," म्हणाले.

सिद्धोधन आला. लांब वायर भिंतीच्या कडेनं, पलंगाच्या मागून खिळ्यांनी ठोकत आणली. अर्धा तासही लागला नाही त्याला. हे वाजवायला बसले. मला काही ऐकू येत नव्हतं, पण यांची मान हलताना बघितली आणि कळलं, सूर जागेवर आला.

"आता बुवांना सांगून या," मी म्हटलं.

"काय सांगू? मशीन बिघडलं होतं म्हणून? साथीदारानं असलं सांगायचं नसतं."

"मग मी सांगते."

"तू तर बिलकुल नाही."

पुढची दत्तजयंती आली नि गेली. देवळातून आरतीला बोलावणं आलं, तरी हे गेले नाहीत. घरी मात्र रोज वाजवायचे, माझ्याकडं एक कान उघडा ठेवून. बाहेर कुणालाच ऐकू न जाणारं ते वाजवणं मी सुमारे वर्षभर बघितलं. या चैत्रात हे हृदयविकारानं गेले. सकाळी चहा झाला होता.

तेराव्यानंतर मी यांचा शब्द मोडला. देवळात गेले आणि बन्सीधरबुवांना सगळं सांगितलं, डबीपासून वायरीपर्यंत.

"मला वाटलं तब्येत बरी नाही, म्हणून काळजीनं बघितलं हो मी," ते म्हणाले. "रागानं नाही. मला त्यांच्यावर राग कशानं येईल? घरी यायला पाहिजे होतं मी. आज जाऊ, उद्या जाऊ, यातच राहिलं."

बाहेर पायरीवर कस्तुराबाई भेटली. ती दर कीर्तनाला अगदी पुढं, पेटीला खेटून बसते. तिलाही मी सांगायला लागले, की बाई, त्या दत्तजयंतीला यांचं जे चुकलं ना, ते यांच्या हातानं नव्हतं.

कस्तुराबाईनं डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं.

"कवा चुकलं वो? मी तर थितंच व्हते. लय ग्वाड वाजवलं व्हतं की त्यांनी."

मी आणखी चौघींना विचारलं. कुणालाच काही आठवत नव्हतं.